ताटातलं औषध

आमच्या केसपेपरवर वरून पाचव्या ओळीत एक रकाना होता, ‘माहिती देणाऱ्याचे नाव व नाते’. त्याच्यापुढे लहानशी चौकट, ‘माहिती विश्वासार्ह : आहे / नाही’. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात असा रकाना मी पाहिलेला नाही. तुमचं पोट दुखत असेल तर डॉक्टर तुम्हालाच विचारतात, कुठे दुखतं म्हणून. आमच्याकडे ज्याचं दुखतं त्याला बाकावर बसवायचं आणि बरोबर आलेल्याला विचारायचं. ती चौकट मी एकवीस वर्षं भरली. नातेवाईक इस्त्रीचे कपडे घालून आलेला असला आणि आवाज न चढवता बोलत असला, की मी ‘आहे’वर खूण करून मोकळा व्हायचो. ‘नाही’वर कधी केली होती, हे आठवायला बसलो तर एकही केस डोळ्यांपुढे येत नाही.

देवासला एका ट्रस्टचा मनाच्या आजारांचा दवाखाना होता. दोन खोल्या आणि एक व्हरांडा. तिथे मी कंपौंडर. डॉक्टर इंदूरहून आठवड्यातून तीन दिवस बसने यायचे. ते येईपर्यंत पेशंटशी बोलणं, कागद भरणं, ते गेल्यावर औषधं देणं, कशी घ्यायची ते समजावणं, आणि मधल्या दिवसांत कुणी घाबरून धावत आलं तर त्याला धीर देणं, हे सगळं माझ्याकडे. पंधरवड्यातून एकदा कन्नौदला आणि महिन्यातून एकदा धार जिल्ह्यात सरदारपूरला आमचं शिबिर असायचं. सगळे मला ‘कंपौंडर भिया’ म्हणत, भिया म्हणजे भैया. घरात आम्ही मराठी बोलतो, बाहेर हिंदी, आणि शिबिरात माळवी. त्यामुळे माझी मराठी पुण्याकडच्या वाचकांना थोडी वाकडी वाटेल, तर सांभाळून घ्या.

मला माझ्या कामाचा अभिमान होता, तो आधी सांगून टाकतो. सरदारपूरच्या शिबिरात एकदा तीन भावांनी चौथ्याला दोरीने बांधून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणलं होतं. मी आधी दोरी सोडायला लावली. भाऊ म्हणाले, “भिया, मारेगा.” तो कुणाला मारायच्या अवस्थेतच नव्हता. दोन लोटे पाणी प्यायला, माझ्याशेजारी सतरंजीवर बसला आणि तासाभराने गोळी माझ्या हातातून घेऊन आपणहून गिळली. दुसरा कन्नौदच्या मंडीतला एक हम्माल, रतनभाई. तो दर खेपेला मला एकच प्रश्न विचारायचा, “भिया, ये गोली मेरे वास्ते है के घरवालों के वास्ते?”

मी म्हणायचो, “तुम्हारे वास्ते, रतनभाई.”

“तो फिर नींद मेरे को और चैन उनको, ये कैसा हिसाब?”

सगळं शिबिर हसायचं. हा किस्सा मी कितीतरी लग्नांत, पंगतींत सांगितला. पण रतनभाईंना दिवसभर झोप येते, पोती उचलताना डोळे मिटतात, तेव्हा डोस पाहा, असं डॉक्टरांना सांगायचं मला कधी सुचलं नाही. विनोद म्हणून ऐकलं आणि विनोद म्हणूनच ठेवलं.

पण आज लिहायचं आहे ते मंगलावहिनींबद्दल.

त्या माहेरच्या धारच्या, दिलेल्या देवासात. दोन्ही घरं शिंप्यांची. मराठा सरदारांच्या स्वारीबरोबर पूर्वज इकडे आले आणि दरबारी कपडे शिवता शिवता इथलेच झाले, असं ते लोक सांगतात. नवरा प्रकाश औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला होता. घरी शिवणाचं मशीन वहिनींचं. त्यांचं ब्लाउज बसायचं तसं दुसऱ्या कुणाचं बसत नाही, असं माझी बायकोसुद्धा म्हणायची. एक मुलगी, ऋतू, आठ वर्षांची.

पहिल्या दिवशी आले ते प्रकाश आणि त्याची आई. पेशंट घरीच. हे आमच्याकडे नेहमीचं. सासूबाईंनी शांतपणे सगळं सांगितलं. सून मशीन चालवता चालवता मध्येच थांबवते आणि कान देऊन ऐकत बसते. म्हणते, मशीनच्या आवाजाआडून शेजारचे माझ्याविषयी बोलतात. गिऱ्हाइकाच्या कापडावर आपलं नाव छापलंय म्हणून चांगले दोन ब्लाउजपीस तिने कातरून टाकले. तीन महिने झोप नाही. मी सगळं लिहून घेतलं. माहिती देणाऱ्याचे नाते, सासू. विश्वासार्ह, आहे.

डॉक्टर म्हणाले, तिला आणा. पुढच्या वेळी आणलं. मोरपंखी साडी, नीट विंचरलेले केस, डोळे मात्र खोल गेलेले. त्या माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “मला काही झालेलं नाही. आत्याबाईंना विचारा, पलीकडचे काय काय बोलतात ते. त्यांनाही ऐकू येतं, सांगत नाहीत.” सासूला त्या ‘आत्याबाई’ म्हणत. आमच्याकडच्या जुन्या घरांत अजून तसंच म्हणतात. गोळ्या दिल्या तर त्यांनी पुडी टेबलावर परत ठेवली. “ज्याला झालंय त्याला द्या.”

आठवड्याने प्रकाश एकटाच आला. गोळ्या घेत नाही, घरात भांडणं, ऋतू शाळेतून यायला घाबरते.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे एक पातळ औषध असतं. त्याला रंग नाही, वास नाही, चवही जवळजवळ नाही. ज्याला गोळी गिळता येत नाही त्याच्यासाठी ते केलेलं आहे. पण आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे की ते वरणातही जातं. डॉक्टरांनी लिहून दिलं आणि माझ्यासमोर प्रकाशला म्हणाले, “दुसरा उपाय दिसत नाही म्हणून देतोय. थोडे दिवसच. तिला बरं वाटायला लागलं की सांगायचं. हे सांगायचं कसं, ते आमचे कंपौंडर तुम्हाला समजावतील.”

ते काम माझं होतं. ते मी केलं नाही. एवढ्या एका वाक्यात ही सगळी गोष्ट आहे, तरी पुढचं सांगतो.

किती थेंब, कशात घालायचं, गरम पदार्थात का घालायचं नाही, हे मी प्रकाशला नीट शिकवलं. बाटलीवरचं लेबल पाण्यात भिजवून काढून टाकायचं, हेही मीच शिकवलं. चौथ्या दिवशी तो परत आला. “भिया, ती आईच्या हातचं खात नाही. माझ्याही हातचं नाही. म्हणते, तुम्ही दोघं काहीतरी करू राहिले. फक्त ऋतूने ताट आणलं तर जेवते.”

मी कपाटात बाटल्या लावत होतो. मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणालो, “मग ऋतूच्या हातून द्या.”

महिन्याभरात वहिनी झोपू लागल्या. दीड महिन्याने मशीन पुन्हा सुरू झालं. प्रकाश पेढे घेऊन आला. डॉक्टरांनी विचारलं, “सांगितलं का तिला?” तो माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणालो, “सर, आत्ता कुठे घडी बसते आहे. जरा थांबू.” पुढच्या भेटीतही तेच म्हणालो. मग डॉक्टरांनी विचारणं सोडलं. व्हरांड्यात चाळीस माणसं असायची, त्यात बऱ्या झालेल्या माणसाची आठवण कोण ठेवणार? नर्सिंगच्या मुली शिकायला यायच्या, त्यांना मी ही केस सांगायचो. बघा, थोडी युक्ती केली तर एक घर कसं सावरतं.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी मंगलावहिनी एकट्याच दवाखान्यात आल्या. डॉक्टर आत होते. वहिनी माझ्याच टेबलाशी आल्या. पिशवीतून एक ब्लाउज काढून पसरलं. गळ्याची शिवण नागमोडी गेलेली.

“कंपौंडर भिया, हे मी शिवलंय. बघा.” त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती. “सुईत दोरा जात नाही. जीभ जड वाटते. एका जागी बसवत नाही, पाय आपोआप हलतात. मी त्या दिवशी तुमच्या गोळ्या परत केल्या, त्याचा राग धरू नका. त्या न घेताच मी बरी झाले. ते आवाज बंद झाले. ते खरे नव्हते, हे मला आता कळतं. पण हे नवीन काय झालंय? माझ्या आजोबांचे हात शेवटी असेच हलायचे. मला तेच होतंय का?”

औषधाने हात थरथरतात. त्यावर वेगळी गोळी असते, डोसही कमी करता येतो. साधी गोष्ट. आत डॉक्टर बसलेले. समोर बाई पूर्ण शुद्धीवर, आपल्या आजाराबद्दल बोलते आहे, माफीसुद्धा मागते आहे. सांगायला याच्याहून चांगली वेळ दुसरी मिळणार नव्हती.

मी त्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणालो, “अशक्तपणा आहे, वहिनी. ताकदीची गोळी देतो.”

थरथरीवरची गोळी मी त्यांना ताकदीची म्हणून दिली. डॉक्टरांना मागाहून सांगितलं की प्रकाश येऊन गेला, हात थरथरतात म्हणत होता. वहिनींनी मला हात जोडले. “आजोबांसारखं नाही ना?” असं पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि ब्लाउज घडी करून पिशवीत ठेवलं.

का नाही सांगितलं? तेव्हा विचारलं असतं तर म्हणालो असतो, त्यांच्या भल्यासाठी. आता वाटतं, मला भीती वाटली. त्या रडतील, ओरडतील, पुन्हा आजारी पडतील, आणि दोष माझ्यावर येईल. शिवाय व्हरांडा भरलेला होता. खोटं बोलायला एक वाक्य लागतं, खरं बोलायला अर्धा तास.

पुढे जे झालं ते प्रकाशकडून कळलं. वहिनी जेवत होत्या. ऋतू शेजारी बसलेली. त्यांनी आपल्या ताटातला वरणभाताचा घास मुलीपुढे धरला. मुलीने तोंड फिरवलं.

“घे ना गं.”

“नको. आजीने सांगितलंय, आईच्या ताटातलं खायचं नाही.”

वहिनींनी घास ताटात परत ठेवला. आवाज चढवला नाही. उठून स्वयंपाकघरातली एकेक फळी, एकेक डबा पाहिला. मेथीदाण्याच्या डब्यात बाटली सापडली.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच त्या पायरीवर बसलेल्या होत्या. आत आल्यावर बाटली माझ्या टेबलावर ठेवली.

“हे इथलंच ना?”

“हो.”

“माझंच?”

“हो, वहिनी.”

“ह्याच्यावर माझं नाव का नाही?”

लेबल भिजवून काढलेल्या जागेवरून मी बोट फिरवलं.

“त्या दिवशी मी हात दाखवायला आले होते. विचारलं होतं तुम्हाला. तेव्हा का नाही सांगितलं?”

“तुमच्या भल्यासाठीच, वहिनी. तुम्ही आजारी होता, तुम्हाला त्या वेळी पटलं नसतं...”

“त्या दिवशी मी आजारी होते?” त्यांनी विचारलं. “बरी होते ना? तुम्हीच बरं केलं होतं. मग बऱ्या माणसाशी खरं बोलायला काय हरकत होती?” मग त्या म्हणाल्या, “मी म्हणत होते, हे लोक माझ्या जेवणात काहीतरी घालतात. ते तुम्ही माझा आजार म्हणून लिहून घेतलं असेल.”

लिहून घेतलं होतं. औषध सुरू केल्यावर, प्रकाश परत आला त्या चौथ्या दिवशी, माझ्याच अक्षरात. ‘जेवणात काही घालतात असा संशय.’

“आणि पोरीच्या हातून,” त्या म्हणाल्या. “हे कुणी काढलं?”

मी म्हणालो, “मी.” बाटली पुढ्यात आल्यावरचे दोन ‘हो’ सोडले, तर त्या सगळ्या काळात त्यांच्याशी खरं बोललेला माझा तो पहिला शब्द.

त्या उठून गेल्या. त्यानंतर त्यांनी त्या घरात कुणाच्याही हातचं खाल्लं नाही. वेगळी चूल मांडली. औषध एकदम बंद झालं, त्यामुळे दोन महिन्यांत आवाज परत आले, आधीपेक्षा वाईट. आता त्यांच्या संशयाला पुरावाही होता. धारहून भाऊ येऊन त्यांना घेऊन गेला. ऋतू वडिलांकडे राहिली. शाळा होती, आणि अशा आईजवळ मुलगी ठेवायची कशी, असं सगळ्यांनी ठरवलं. प्रकाश औषध न्यायला यायचा थांबला, तेव्हा केसपेपर बंद करताना मी शेवटची ओळ लिहिली, ‘पेशंट औषध घेत नाही. सहकार्य नाही.’ खाली सही माझी.

बऱ्याच वर्षांनी, निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांनी, मी धारला गेलो. दुसरं काही काम नव्हतं, त्यांनाच भेटायला गेलो. भावाच्या दुकानात बाहेरच्या बाजूला त्यांचं मशीन होतं. केस पांढरे झालेले. मला ओळखलं, पण काम थांबवलं नाही. शिवण पूर्ण केली, दोरा तोडला, मग भावाला म्हणाल्या, “खुर्ची दे ह्यांना.”

पहिली तीन-चार वर्षं फार वाईट गेली, त्या म्हणाल्या. मग धारमध्येच एक डॉक्टरीण भेटली. तिने समोर बसवून सगळं सांगितलं. हा आजार काय, ही गोळी काय करते, हात का थरथरतील. “मी म्हटलं, हात थरथरले तर माझं पोट जाईल. ती म्हणाली, मग कमीत कमी किती चालेल ते दोघी मिळून बघू. वर्ष लागलं. आता अर्धी गोळी. स्वतः घेते.” मशीनच्या खणातून त्यांनी पाकीट काढून दाखवलं. “आवाज अजून येतात कधीकधी. मी त्यांना म्हणते, ऑर्डर आहे, नंतर या.” त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

“वहिनी, मी माफी मागायला आलोय.”

“माझं राहू द्या,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला माफ केलं का, ते मला ठाऊक नाही. जमलं तर कळवेन. ऋतूला भेटलात का? येते ती महिन्या-दोन महिन्यांनी. राहते, बोलते. पण मला कधी वाढत नाही. मी आजारी असले तरी साधा चहा करून हातात देत नाही. म्हणते, आई, तू घे. मोठी झाली, तिला सगळं कळलं. तिच्याशी कुणी बोललंय का ह्याच्यावर? कुणीच नाही. मीही नाही. मला शब्द सापडत नाहीत. तुम्ही दवाखान्याचे आहात, तुम्हाला सापडतील.”

ऋतू आता देवासात एका शाळेत शिकवते. मी रविवारी फोन करून घरी गेलो. सासूबाई वारल्या, प्रकाश टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेला होता. ऋतूने माझं बोलणं मान खाली घालून ऐकून घेतलं. मग हिंदीत सुरू करून मराठीत आली, तिच्या वयाची मुलं बोलतात तशी.

“काका, मला सब याद आहे. आजी म्हणायची, आईला तू जेवायला दे, ती बरी होईल. मला वाटायचं, मी आईला बरं करते आहे. आणि ती बरी झाली होती. ते पण सच आहे ना?”

“सच आहे,” मी म्हणालो.

“मग मी चूक काय केलं?”

“तू काही चूक केलेली नाहीस. मी केली. ताट तुझ्या हातात द्यायला मी सांगितलं होतं. तुझ्या आजीने नाही, बाबांनी नाही.”

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येणार नाही. पण ती वही-पेन घेऊन आली आणि समोर बसली. “त्या बाटलीत काय होतं ते मला सांगा. कुणीच कधी सांगितलं नाही.”

मी सांगितलं. औषधाचं नाव, ते मेंदूत काय करतं, आवाज कसे थांबतात, पाय का स्थिर राहत नाहीत, बोटं का थरथरतात, एकदम बंद केलं तर काय होतं. ती हिंदीत टिपून घेत होती. मधे मधे शाळेतल्या बाईसारखं थांबवून पुन्हा विचारत होती. भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं. सगळं सांगून झालं तेव्हा पस्तीस मिनिटं झाली होती.

तिने वहीत शेवटची ओळ लिहिली, पेन बंद केलं.

“हे असं आईला सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर तिने आपल्या हाताने घेतलं असतं?”

“घेतलं असतंही. नसतंही. मला माहीत नाही, बेटा.”

“तुम्ही इतकी वर्षं हेच काम केलं, आणि तुम्हाला माहीत नाही?”

“नाही,” मी म्हणालो.

तिने वही मिटली आणि पुढच्या शनिवारची धारची बस किती वाजता सुटते, ते मोबाइलवर पाहू लागली.